फेरूलपाशी फट दिसली होती, तरी गोल्फचा बनावट आयर्न सेट ठेवून घेतला

सात आयर्न, म्हणजे गोल्फचे धातूच्या पातळ हेडचे क्लब, 4 नंबरपासून पिचिंग वेज या सगळ्यात आखूड क्लबपर्यंत. 'मोजक्या वेळा वापरलेला, फोर्ज्ड' (घडीव स्टीलचा) म्हणून नव्याच्या 45 टक्के किमतीत घेतला, सगळी रक्कम आगाऊ देऊन. 45 टक्के म्हणजे काही मातीमोल भाव नव्हे. वापरलेले सेट या भावात सर्रास विकले जातात, म्हणून तर संशय आला नाही. सातच्या सात बनावट निघाले.

सगळ्यात जास्त चीड येते ती खोकं उघडलं त्या क्षणाची. 7 आयर्नचं फेरूल, म्हणजे हेड आणि शाफ्ट (दांडा) जुळतात तिथलं काळं प्लास्टिकचं कडं, होझलवर (शाफ्ट ज्यात बसतो त्या हेडच्या नळीवर) नीट टेकलेलं नव्हतं. नख शिरेल एवढी फट, आणि त्यातून बाहेर आलेला गोंदाचा सुकलेला पिवळट ओघळ. चांगल्या कामात फेरूल होझलशी एकसारखं घासून घेतात, बोट फिरवलं तर सांधा हाताला लागत नाही. हे माहीत होतं! तरी 'आधीच्या मालकाने शाफ्ट बदलून घेतला असेल' अशी मनाची समजूत घातली. तसे सेट बाजारात असतातच. परतीचे 7 दिवस त्या समजुतीत गेले.

वजनकाटा तेव्हाच काढायला हवा होता. खऱ्या सेटमध्ये एकेक क्लब साधारण अर्ध्या इंचाने आखूड होत जातो आणि त्याची भरपाई म्हणून हेड सुमारे 7 ग्रॅमने जड होतं. त्यामुळेच सगळे क्लब हातात सारखे लागतात. इथे 7 भरला 421 ग्रॅम, 8 भरला 420, आणि 9 भरला 422. एकाच वजनाची हेडं, वर फक्त आकडे वेगळे. पाठीमागच्या ज्या बिल्ल्यावर 'टंगस्टन' लिहिलं होतं तो नखाने निघाला, खाली काहीच नव्हतं. टंगस्टन स्टीलच्या जवळजवळ अडीचपट जड असतं, म्हणून त्याचे तुकडे बसवून वजन हवं तिथे नेता येतं आणि स्वीट स्पॉट (चेंडू लागायची नेमकी जागा) चुकला तरी हेड कमी वळतं. नुसता बिल्ला चिकटवून यातलं काही होत नाही.

लॉफ्टचंही, म्हणजे हेडच्या तोंडाच्या तिरकेपणाचंही, तेच. मोजल्यावर 7 ला 33 अंश, 8 ला 34.5, 9 ला 41. मधलं अंतर 4-5 अंशांचं हवं. 7 आणि 8 चा चेंडू एकाच ठिकाणी पडत होता आणि खापर मात्र स्विंगवर फुटत होतं. लॉफ्ट वाकवून घेऊ म्हटलं, तर वाकवताना 8 चा होझल तडकला. आतला धातू करडा, दाणेदार. मऊ कार्बन स्टील एक-दोन अंश निमूट वाकतं. जस्ताचा मिश्रधातू तुटतो. चुंबक लावून बघा: फोर्ज्ड कार्बन स्टीलला तो चिकटलाच पाहिजे. मात्र चिकटला म्हणून सेट खरा ठरत नाही, स्वस्त ओतीव स्टीललाही चिकटतो.

शाफ्टच्या पायऱ्या, म्हणजे तो जिथे टप्प्याटप्प्याने बारीक होतो त्या कडा, डोळ्यांनी नाही, बोटाने तपासा. आमच्या शाफ्टवर त्या रंगाने काढलेल्या होत्या.

तक्रारीचं तर विचारूच नका. विक्रीच्या संकेतस्थळाने फोटो मागितले, 11 पाठवले; उत्तर आलं की मुदत संपली. वस्तू खोटी असेल तर मुदत कसली? बँक म्हणाली, माल मिळाला ना, मग व्यवहार पूर्ण. पोलीस ठाण्यात आधी गोल्फचे क्लब म्हणजे काय इथपासून सुरुवात, मग 'खोटं असल्याचं कंपनीचं पत्र आणा'. कंपनीने अनुक्रमांक पाहून तो दुसऱ्याच सेटचा असल्याचं फोनवर सांगितलं, पण लेखी द्यायला नकार दिला, का तर क्लब त्यांचे नाहीत! पत्राशिवाय तक्रार नाही आणि तक्रारीशिवाय पत्र नाही. चार दारं, 45 दिवस, एक पैसा परत नाही. विक्रेत्याचं खातं जाहिरातीतल्या त्याच फोटोंसह अजून चालू आहे.

अनुक्रमांक पैसे देण्याआधी मागा आणि कंपनीकडून तपासून घ्या. 7, 8 आणि 9 काट्यावर ठेवलेले फोटो मागा, आकडे वाचता येतील असे. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा, फेरूलपासून सुरुवात करून.