बरणी जुनीच होती, अखंड नव्हती

विकणारा माझ्याशी एकही शब्द खोटं बोलला नाही. मी फसले ती तिथेच. "जुनी आहे ना?" एवढंच मी खोदून खोदून विचारत राहिले, आणि बरणी खरंच जुनी होती. मिठाच्या झिलईची. भट्टी १२०० अंश सेल्सियसच्या पुढे तापली की तिच्यात मीठ फेकायचं, त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी मिळून बरणीवर काचेचा थर धरते. हात फिरवला की संत्र्याच्या सालीसारखं लागतं. तसं लागलं. आतून तपकिरी लेप, पोटावर कोबाल्टची निळी वेलबुट्टी. मी खूश!

"स्वयंपाकघरात चालेल?"

"लोक पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत."

तेही खरंच.

घरी आणून मिठाच्या पाण्यात भाजी मुरत घातली. चौथ्या दिवशी खाली ओल. भरताना सांडलं असेल म्हणून पुसली. आणखी दोन दिवसांनी वेलीच्या देठालगत मिठाची पांढरी रेघ उमटली, काठापासून खालपर्यंत. खरा कोबाल्ट झिलईखाली असतो, तो पुसून जात नाही. कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून घासलं तर देठ कापसावर आला. त्याखाली इपॉक्सी, म्हणजे भेगा बुजवायचा कडक होणारा गोंद, आणि इपॉक्सीखाली चीर. बाकी वेल अस्सल होती. हा एक देठ तेवढा चीर झाकायला नव्याने काढलेला.

बरणी रिकामी करून टिचकी मारली, आवाज बद्द. साधं मडकं घेतानाही माणूस वाजवून बघतो, मग मी का नाही? कारण दुकानात ती वाळक्या फुलांनी गच्च भरून ठेवली होती. तेव्हा मला ती सजावट वाटली. आधी रिकामी करायला लावा. अंधारात अतिनील टॉर्च मारा, बुजवलेली जागा बहुतेक वेळा वेगळी चमकते.

भाजी फेकून दिली. चिरेतून गेलेलं खारं पाणी किती दिवस इपॉक्सीत भिजत होतं कोण जाणे. शिवाय जुन्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं, हे मला तेव्हा कुठे कळलं. घरगुती चाचणीत काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, खात्री हवी तर प्रयोगशाळेतच तपासून घ्या.

परत द्यायला गेले तर त्याने शांतपणे पावती पुढे केली. "जुनी बरणी, आहे त्या स्थितीत." दुरुस्तीबद्दल का बोलला नाहीत, असं विचारलं.

"तुम्ही कुठे विचारलंत?"