कयाक क्लबच्या साहित्याचा विमा: अकरा महिन्यांचा अनुभव आणि चार वल्ही

नूतनीकरणाचं पत्र आलं आणि हप्ता पुन्हा भरायचा की नाही यावर बैठकीत दोन तास गेले, म्हणून लिहायला बसलोय. बेळगावातल्या आमच्या विद्यापीठाच्या कयाक क्लबचा मी खजिनदार. ६ प्लॅस्टिकच्या कयाक, १० वल्ही, १२ लाइफ जॅकेट, सगळं पोरांच्या वर्गणीतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून घेतलेलं. सराव हिडकलच्या बॅकवॉटरला, वर्षातून दोनदा टेम्पोत घालून गणेशगुडीला, काळी नदीवर. एरवी सगळं पत्र्याच्या शेडमध्ये.

पहिली अडचण नावाची. क्लब नोंदणीकृत नाही. वस्तू बिघडली तर ज्याच्या खिशाला झळ बसते त्यालाच तिचा विमा उतरवता येतो, आणि कागदोपत्री आमच्या कयाक क्रीडा विभागाच्या. म्हणून पॉलिसी विभागाच्या नावावर घेतली: आग, वादळ, चोरी, वाहतूक. एजंट म्हणाले, "सर, आजच्या भावानं रक्कम लावा की." मी ऐकलं नाही. जुन्या बिलांची बेरीज दीड लाख होती, तीच लावली. वर १८ टक्के जीएसटी होताच, तेवढे पैसेसुद्धा द्यायला जड जात होते.

जुलैतल्या वादळात शेडवर गुलमोहोराची फांदी कोसळली आणि २ कयाकांना तडे गेले. नुकसान मोजणारे कंपनीचे सर्व्हेयर तिसऱ्या दिवशी आले. मला नव्या कयाक हव्या होत्या, ते म्हणाले दुरुस्त होतील. उद्यमबागेत एका कारखान्यात प्लॅस्टिकचं वेल्डिंग करून घेतलं. नुकसान ३० हजार धरलं आणि हातात आले १३ हजार. कारण सरासरीचं कलम. साहित्याची आजची किंमत अडीच लाख, विमा दीड लाखाचा, म्हणजे ६० टक्के. म्हणून नुकसानीचेही ६० टक्केच, १८ हजार. त्यातून दर दाव्यामागे होणारी ५ हजारांची सक्तीची कपात. त्या दिवशी विमा कंपनीच्या कार्यालयात मी आवाज चढवून बोललो.

हे सगळं मी तेव्हा लिहिलं असतं तर "घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं. आज तसं म्हणणार नाही. हप्त्यात वाचवले होते बाराशेच्या आत, आणि त्यापायी गेले १२ हजार. ही चूक माझीच, एजंटनं आधी सांगितलं होतं. शिवाय जानेवारीत रामनगरजवळ टेम्पोतून एक कयाक घसरून तळाला चिरली, तेव्हा फोटो आणि दुरुस्तीचं बिल पाठवलं, तर नवव्या दिवशी दावा मंजूर. तेच ६० टक्के आणि तीच कपात, म्हणून १५ हजारांचे ४ हजारच मिळाले, पण एक फेरीही मारावी लागली नाही. पैसे मात्र विद्यापीठाच्या मुख्य खात्यात जातात आणि तिथून क्लबकडे यायला महिने लागतात, तेवढी तयारी ठेवा. लाइफ जॅकेट उंदरांनी कुरतडली तर काहीच मिळत नाही. कुणाला इजा झाली तर ही पॉलिसी लागू नाही, तो विमा वेगळा.

आता वल्ही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शेड उघडली तर ४ वल्ही नाहीत. वॉचमन मामा रडकुंडीला आले, "सर, कुलूप हाय तसंच हाय की वो, किल्ली माझ्याकडंच होती." पोलिसांत तक्रार दिली, दावा केला. उत्तर एका ओळीचं: जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण नाही, सबब दावा नामंजूर. पॉलिसीत चोरीचा अर्थ घरफोडी असाच दिलाय. कुलूप तुटलं असतं तर चोरी, चोर किल्लीनं आत आला तर ती चोरी नाही! वर यादीत "कयाक व अनुषंगिक साहित्य" एवढंच लिहिलेलं, वल्ह्यांची वेगळी नोंदच नाही.

वल्ही १४ हजारांची, हे मला माहीत आहे. पण वल्हं म्हणजे सुटा भाग नव्हे, त्याच्याशिवाय कयाक जागची हलत नाही. आमची वल्ही उंचीप्रमाणे घेतलेली, २१० पासून २३० सेंटिमीटरपर्यंत. गेलेली चारही आखूड होती. पहिल्या वर्षाच्या मुली दोन महिने लांब वल्ह्यांनी सराव करत होत्या, एकीचं मनगट सुजलं. हा तोटा कुठल्याच सर्व्हेयरच्या कागदात येत नाही. कंपनीच्या तक्रार विभागाला दोनदा लिहिलं, उत्तर शब्दाशब्दाला तेच. याचा राग अजून गेलेला नाही आणि तो मी गिळणारही नाही. पॉलिसी देताना "चोरी" हा शब्द मोठ्या अक्षरात छापता, तर त्याचा अर्थही तिथंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

तरी बैठकीत मी हप्ता भरण्याच्या बाजूनं मत दिलं. पत्र्याच्या शेडला बेळगावचा पावसाळा पेलत नाही, आणि दोन कयाक एकदम गेल्या तर वर्गणीतून पुन्हा उभ्या राहणार नाहीत. या वेळी रक्कम अडीच लाख. कुलूप न फोडता झालेल्या चोरीसाठी जादा हप्ता मागितला, तोही भरला. यादीत प्रत्येक वल्हं वेगळं, लांबी आणि किमतीसह. शनिवारी सगळ्यांनी मिळून वल्ह्यांवर १ ते १० आकडे रंगवले. ७ ते १० ही नवी, आखूड. रंग वाळला की फोटो काढून एजंटकडे पाठवायचेत, ते पॉलिसीला जोडून घेतल्याशिवाय मी पावतीवर सही करणार नाही.