सांडपाण्याने विहीर नासली: हरित लवाद की दिवाणी कोर्ट, आणि मुदत किती?

रावेर-यावल पट्ट्यात नाल्याकाठच्या विहिरीत कारखान्याचं सांडपाणी उतरलं, केळीबाग बसली, की दाद मागायच्या तीन वाटा समोर येतात. तिन्हींची मुदत वेगळी आहे. चुकीची मुदत धरली तर खरा दावाही फेटाळला जातो.

हरित लवाद म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीचं वेगळं न्यायासन. राष्ट्रीय हरित लवाद कायदा, 2010 मध्ये दोन कलमं कामाची आहेत. सांडपाणी सोडणं बंद करा, एवढंच मागायचं असेल तर कलम 14, मुदत सहा महिने. पिकाची भरपाई आणि विहीर-जमीन पूर्ववत करण्याचा खर्च हवा असेल तर कलम 15, मुदत पाच वर्षं. उशिराचं सबळ कारण दिलं तर दोन्हीकडे जास्तीत जास्त 60 दिवस वाढवून मिळतात, त्यापुढे लवादालाही सूट देता येत नाही.

घोळ होतो तो मोजणीत. मुदत सुरू होते दाव्याचं कारण ‘पहिल्यांदा’ घडलं त्या दिवसापासून. समजा 10 जून 2024 ला पाणी पहिल्यांदा काळं आलं. मग कलम 14 ची मुदत 10 डिसेंबर 2024 ला संपली, कलम 15 ची 10 जून 2029 ला संपेल. दर पावसाळ्यात पाणी पुन्हा येतं म्हणून दरवर्षी नवी मुदत मिळेल, या भरवशावर राहू नका. ग्रामपंचायतीला दिलेला तुमचाच जुना अर्ज समोरचा वकील पहिली तारीख म्हणून दाखवेल. कागदांत सापडेल ती सर्वांत जुनी तारीख धरा.

सहा महिने हुकले असतील तरी कलम 15 खाली पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी करता येते. ग्रामपंचायतीने टँकरवर केलेला खर्चही याच कलमात मागता येतो, हे फार थोड्या सरपंचांना माहीत असतं.

दिवाणी कोर्टात साधारण तीन वर्षं. पण लवाद ठरवू शकतो अशी भरपाई कलम 29 मुळे दिवाणी कोर्टात मागता येत नाही; तालुक्याचं कोर्ट जवळ आहे म्हणून तिथे गेलात तर वर्षं वाया जातात. आमच्या मते ही वाट एकाच प्रसंगी घ्यावी: शेड किंवा जागा भाड्याने दिली, करारात साफसफाईची अट होती आणि भाडेकरूने ती मोडली. करारभंगापासून तीन वर्षं.

खान्देशासाठी लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागितली तर फी मागणीच्या एक टक्का, किमान 1,000 रुपये. आठ लाखांना 8,000. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही.

पाणी दिसताच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या आणि नमुना त्यांच्याच माणसाला घ्यायला लावा. तलाठी व कृषी सहायकाचा पंचनामा, पीकनोंद असलेला सातबारा आणि गाळ उपसल्याची, टँकरची बिलं तारखेनिशी एका फाइलीत ठेवा.