शहरांची क्रमवारी: तज्ज्ञांचे गुण की रहिवाशांचा कौल?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावांतून शिक्षणासाठी नागपूर गाठावे की पुणे, हा प्रश्न घरोघरी पडतो; म्हणून शहरांच्या क्रमवाऱ्या कशा ठरतात हे समजून घेतले पाहिजे. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ या ब्रिटिश संशोधन संस्थेची राहण्यायोग्य शहरांची जागतिक क्रमवारी स्थैर्याला आणि संस्कृती-पर्यावरणाला प्रत्येकी २५, आरोग्यसेवेला व पायाभूत सुविधांना प्रत्येकी २०, तर शिक्षणाला अवघे १० टक्के भार देते. त्यातील बरेच गुण तज्ज्ञांच्या मतावरून ठरतात. तापमान आणि दमटपणाही त्यात मोजला जातो, हे विदर्भाचा उन्हाळा सोसणाऱ्यांना पटेल. राहण्याचा खर्च मात्र त्यात धरलेला नाही, आणि कापसाच्या एका हंगामावर मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरणाऱ्या घरासाठी ही फार मोठी उणीव आहे.

केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ (राहण्यातील सुलभता) निर्देशांकाने १११ शहरे तपासताना ३० टक्के भार नागरिकांच्या मताला दिला. दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत बंगळुरू पहिले, तर पुणे दुसरे आले. माझा कौल याच पद्धतीला आहे, जरी तिथे शहराचा रहिवासीच बोलतो आणि रुग्णाला एसटीने घेऊन येणाऱ्या गावकऱ्याला कोणी विचारत नाही.