जुना ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही: आधी काच पाहा, कार्डं मागून

दारव्हा तालुक्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी येऊन विचारतंच, "भाऊ, नागपूरले हॉटेलातले जुने प्लाझ्मा सस्त्यात भेटून राह्यले म्हणते. घेऊ का?" प्रत्येकाला तोंडी सांगायचा कंटाळा आला, म्हणून माझ्या घरी चालू असलेल्या सेटबद्दल एकदाचं लिहून टाकतो. ब्रँड सांगत नाही, कारण या वयाच्या सेटमध्ये ब्रँडपेक्षा त्याची आधीची नोकरी कुठे झाली ते महत्त्वाचं. ४२ इंची आहे, १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा, पाच हजाराला पडला.

चित्र अजूनही फार सुंदर आहे, हे आधीच सांगतो. एलईडीत मागून सतत उजेड असतो, त्यामुळे रात्रीचा सीन राखाडी दिसतो. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः करतो, म्हणून काळं बरंचसं काळंच राहतं. क्रिकेटमध्ये सीमारेषेकडे पळणारा चेंडू मागे शेपूट सोडत नाही. आणि आमच्या ओसरीत भिंतीला टेकून एका कडेला बसणाऱ्या आईलाही तेच रंग दिसतात जे समोरच्याला. दिवसा मात्र दार उघडं ठेवलं की पडद्याच्या काचेत अख्खं अंगण दिसतं. दाराला पडदा लावा नाहीतर दुपारची सिरियल सोडा.

आता काचेबद्दल, कारण पैसे खरे त्याचेच असतात. एका गिऱ्हाईकाचा पॅनल टेम्पोत फुटून आला होता, तो मी पूर्ण उकलला. प्लाझ्माचा पॅनल म्हणजे दोन काचा. मागच्या काचेचा तुकडा घड्याळवाल्याच्या भिंगाखाली धरला तर वरपासून खालपर्यंत बारीक पांढऱ्या भिंती आणि मधे नाल्या दिसल्या, अगदी कपाशीचे तास काढल्यासारख्या. लाल, हिरवी, निळी, परत लाल, अशी प्रत्येक नालीत एकेका रंगाची पावडर. १०२४ ठिपक्यांना तीन रंग म्हणजे ३०७२ नाल्या, आणि ४२ इंची पडद्याची रुंदी साधारण ९२ सेंटिमीटर. हिशोब करा: एका नालीच्या वाट्याला भिंतीसकट ०.३ मिलिमीटर येतात. भिंतीची उंची मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी जास्त, जाडी त्याच्या निम्मी. आणि या सगळ्या भिंती सरळ! माझ्या हाती आलेला पॅनल उभ्या पट्ट्यांचा होता. काही कंपन्या आडव्याही भिंती घालून चौकोनी खण करत.

हे करायची एक पद्धत ऐकण्यासारखी आहे. काचेवर आधी चांदीच्या बारीक रेघा छापायच्या, त्या विजेसाठी. त्यावर पांढरा थर. मग काचेच्या भुकटीची लापशी सगळीकडे सारखी पसरून वाळवायची. वर प्रकाशाने कडक होणारी फिल्म चिकटवायची आणि जिथे भिंत हवी तिथेच ती ठेवायची. मग बारीक पूड जोराने मारायची. उघडी लापशी झडून जाते, झाकलेली उभी राहते. शेवटी साडेपाचशे अंशांच्या आसपास भट्टी. इथेच खिडकीची साधी काच मार खाते. एवढ्या तापात ती आक्रसते, वाकते, आणि मग पुढच्या काचेवरच्या विजेच्या रेघा मागच्या नाल्यांवर बसत नाहीत. म्हणून उष्णता सोसणारी वेगळी काच वापरत, तीही २.८ मिलिमीटर जाडीची. सेट उचलताना कंबर का दुखते ते यावरून समजून घ्या.

नंतर दोन्ही काचा कडेने काचेच्याच लापशीने सांधायच्या, आतली हवा ओढून काढायची आणि निऑन-झेनॉन गॅस भरायचा. वीज लागली की झेनॉनमधून अतिनील किरण निघतात, ते रंगाच्या पावडरीवर पडतात आणि ती उजळते. आत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे बाहेरची हवाच दोन्ही काचा भिंतींवर दाबून धरते.

अमेरिकेत टेक्ट्रॉनिक्स कंपनीने आणि पुढे जपानच्या सोनीने अशाच नालीदार काचेवर आणखी एक प्रकार करून पाहिला होता. त्यात नालीतला प्लाझ्मा, म्हणजे वीज लागलेला गॅस, उजेडासाठी नव्हता, वरच्या पातळ काचेपलीकडच्या लिक्विड क्रिस्टलचा नुसता स्विच होता. बाजारात तो टिकला नाही, माझ्या टेबलावर तर कधीच आला नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की अशी काच आता मिळत नाही. पॅनासॉनिकने २०१३ च्या शेवटी प्लाझ्मा पॅनल बनवणं बंद केलं, सॅमसंग आणि एलजीने पुढच्या वर्षी. कार्डं, म्हणजे आतले सर्किट बोर्ड, मरतात आणि जिवंतही होतात. पॉवर सप्लायचे फुगलेले कंडेन्सर कोणताही बरा मेकॅनिक बदलेल, पॅनलला वीज सोडणारं वाय-सस कार्डही नशिबाने भंगारात मिळतं. काच गेली की भंगारवाला.

तेव्हा घ्यायला जाल तर पेनड्राइव्हवर पूर्ण पांढरा फोटो नेऊन लावा. हॉटेलातल्या सेटवर दिवसभर बातम्या चालतात, खालच्या पट्टीचा आणि चॅनेलच्या चिन्हाचा डाग कायमचा बसलेला असतो. माझ्याही सेटवर उजव्या कोपऱ्यात एक पुसट चौकोन आहे, लग्नाच्या व्हिडिओत नवरीच्या शालूवर बरोबर दिसतो. वरून खाली एकच उभी रेघ कायम पेटलेली किंवा मेलेली असेल तर घेऊ नका. तो दोष बहुधा काचेला चिकटवलेल्या वायरीच्या पट्टीत असतो आणि आपल्याकडे तिचं काम होत नाही. मागचं झाकण काढू देत असतील तर पॅनलच्या कोपऱ्यात काचेची छोटी नळी दिसेल, टोक वितळवून बंद केलेली. गॅस तिथूनच भरलेला असतो. ती चिरली की गॅस गेला.

वीज? उजळ चित्रावर माझा सेट पावणेतीनशे वॅटपर्यंत जातो, अंधाऱ्या सीनला बराच कमी. साध्या इन्व्हर्टरवर पंखा आणि टीव्ही दोन्ही चालतील या भ्रमात राहू नका. मे महिन्यात लाइन डिम झाली की माझा सेट बंद पडतो, म्हणून स्टॅबिलायझर हवाच. आणि त्याच मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, हा खोलीत आणखी ऊब सोडतो. उन्हाळ्यात घरचे चिडतात, थंडीत कोणी काही म्हणत नाही. मागच्या जाळीत कापसाचे तंतू अडकतात, ते दिवाळीला आणि होळीला ब्रशने काढतो.

पाचपैकी साडेतीन देईन. रात्री सिनेमे पाहणाऱ्याने, घरी मेकॅनिक ओळखीचा असेल तर, डाग नसलेला सेट सहा हजारापर्यंत घ्यावा. दिवसभर टीव्ही चालू ठेवणाऱ्या घराने नवा एलईडी घ्यावा, बिलात फरक कळेल. आणि घेतलाच तर गाडीत आडवा टाकून आणू नका, उभा, दोन गाद्यांच्या मधे, एक माणूस धरायला बसवून. यवतमाळच्या पुढचे खड्डे तुम्हाला ठाऊकच आहेत.