वावर (शेत) ओळखणाऱ्यांनी महोत्सवात पाहावेत असे चित्रपट

आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची पुस्तिका उघडली की नावांच्या गर्दीत काय पाहावे आणि काय सोडावे हे कळेनासे होते, आणि विदर्भातल्या वरुड-मोर्शी-काटोलच्या संत्रापट्ट्यातून येणाऱ्या माणसाजवळ तर वेळही बेताचाच असतो. गोव्याचा इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) नोव्हेंबरात, म्हणजे ऐन कापूस वेचणीत येतो आणि पुण्याचा महोत्सव बहुधा जानेवारीत, तुरीच्या सोंगणीच्या सुमारास. एवढी कामे मागे टाकून जायचे तर आपल्याला खरोखर भिडेल असेच पाहावे. माझे ठाम मत असे आहे की शेतीवरच्या चित्रपटांचा खरा पारखी शेतीत राबणारा माणूसच असतो, कारण पडद्यावरचे काम खरे आहे की नुसते सजवलेले आहे, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत समजते. खालचे चित्रपट या कसोटीवर उतरतात. ते गेल्या दहा-बारा वर्षांतले असल्यामुळे नव्या चित्रपटांच्या यादीत नसले, तरी सिंहावलोकन (जुन्या चित्रपटांच्या) किंवा देशविशेष (एकाच देशाच्या चित्रपटांच्या) विभागात दिसले की सोडू नयेत.

सर्वांत आधी कार्ला सिमोन यांचा ‘अल्कारास’. 2022 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. स्पेनच्या कॅटलोनिया भागात पीचची बाग पिढ्यान्‌पिढ्या कसणारे एक कुटुंब आहे. यादवी युद्धाच्या काळात या कुटुंबाने जमीनदाराला लपवून वाचवले होते आणि त्या उपकारापोटी त्याने जमीन कसायला दिली होती, पण ती नुसत्या शब्दावर, कागद न करता. आता जमीनदाराच्या वारसाला झाडे काढून तिथे सौर पॅनेल बसवायचे आहेत. तोंडी व्यवहारावर मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) वावर करणाऱ्या आणि सातबाऱ्यावर स्वतःचे नाव नसणाऱ्या कोणालाही या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. तरीही चित्रपट रडगाणे गात नाही. शेवटचा हंगाम आहे हे सगळ्यांना माहीत असूनही फळे तोडली जातात, क्रेट भरले जातात, मजुरीचा आणि भावाचा हिशेब होतो. पॅनेलच्या कामाला जावे की नाही यावरून बहीण-भावाच्या घरांत फट पडते, आणि ती भांडणातून दिसते त्याहून अधिक जेवायला कोण आले नाही यातून दिसते. सुरुवातीलाच लहान मुले एका मोडक्या गाडीत बसून खेळत असतात आणि थोड्याच वेळात ती गाडी उचलून नेली जाते. पुढे काय होणार ते मोठ्यांच्या आधी मुलांना कळते, हे दिग्दर्शिकेने एकही वाक्य न बोलता सांगितले आहे. यातले कलाकार त्याच भागातले, बहुतेक पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेले लोक आहेत आणि दिग्दर्शिकेच्या नातेवाइकांचीही तिथे पीचची शेती आहे. संत्र्याचा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला देताना घरात जी शांतता पसरते, ती मला दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात इतकी ओळखीची वाटली नाही.

ली रुईजुन यांचा ‘रिटर्न टू डस्ट’ हा चिनी चित्रपटही 2022 चाच. आपापल्या घरांना नकोसे झालेले दोन जीव, एक गरीब प्रौढ शेतकरी आणि एक आजारी बाई, यांचे लग्न लावून दिले जाते. ते दोघे एका गाढवाच्या साथीने जमीन कसतात, मातीच्या विटा पाडतात आणि घर बांधतात. प्रेमाचा शब्द उच्चारला जात नाही. तो गव्हाचे दाणे तिच्या हातावर फुलासारखे मांडून दाबतो आणि कातडीवर उमटलेली ती खूण तेवढी राहते. कोंबडीची पिल्ले काढण्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात दिवा लावलेला असतो आणि खोक्याच्या भोकांतून उजेडाचे ठिपके भिंतीवर पडतात. हे दृश्य मोठ्या पडद्यावरच पाहावे. वाळत घातलेल्या विटांवर रात्री पाऊस येतो तेव्हाची त्यांची धावपळ पाहताना, खळ्यावर माल उघडा असताना आभाळ भरून आल्याची आठवण आपल्याकडच्या प्रत्येकाला होईल. नायकाचे काम दिग्दर्शकाच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने केले आहे, आणि त्याच्या हातांतल्या सवयीत जराही खोट सापडत नाही.

आइसलँडचा ‘रॅम्स’ (2015) त्या मानाने लहान आणि हलका वाटतो, पण तो मनात खोल जातो. शेजारी राहणारे दोन सख्खे भाऊ चाळीस वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत आणि त्यांच्या चिठ्ठ्या कुत्रा पोहोचवतो. मेंढ्यांच्या रोगामुळे खोऱ्यातले सगळे कळप मारण्याचा सरकारी आदेश येतो आणि अबोला तसाच ठेवून दोघांना त्याला तोंड द्यावे लागते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे आपल्या गावांत कमी नाहीत. त्यांतल्या दोघांनी शेजारी बसून हा चित्रपट पाहावा असे मला मनापासून वाटते.

‘हनीलँड’ (2019) हा उत्तर मॅसेडोनियातला माहितीपट आहे. रानमधमाश्यांचा मध काढणारी हातीजे अर्धा मध माश्यांसाठी ठेवते, आणि शेजारी आलेले कुटुंब कर्जाच्या आणि व्यापाऱ्याच्या घाईपायी तो नियम मोडते. दोष कोणा एकावर टाकलेला नाही, हे त्याचे मोठेपण.

जपानचे दिग्दर्शक हामागुची यांच्या ‘एव्हिल डझ नॉट एग्झिस्ट’ (2023) मध्ये शहरातल्या कंपनीची माणसे डोंगरातल्या गावात पर्यटनाचा प्रकल्प घेऊन येतात, तेव्हाची सभा आवर्जून पाहावी. सांडपाण्याची टाकी कुठे बसेल आणि खालच्या वस्तीच्या पाण्याचे काय होईल, हे गावकरी आवाज न चढवता विचारत जातात. ग्रामसभेत प्रकल्पाच्या कागदावर सही करण्यापूर्वी कसे प्रश्न विचारावेत, याचा तो धडाच आहे. शेवट मात्र कोड्यात टाकणारा आहे आणि तो मला पूर्णपणे पटला नाही.

मराठीतला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळवून आला. वडिलांच्या दशक्रियेसाठी मुंबईहून गावी आलेला तरुण आणि त्याचा शेतकरी मित्र यांच्यातले प्रेम त्यात आहे, आणि सुतकातल्या घराचे नियम इतक्या नेमकेपणाने क्वचितच चित्रित झाले आहेत.

एक व्यावहारिक सूचना. उपशीर्षके बहुतेक इंग्रजीत असतात. ती वाचण्याचा सराव नसेल, तर कमी संवादांच्या ‘रिटर्न टू डस्ट’ किंवा ‘हनीलँड’पासून सुरुवात करावी, ‘अल्कारास’मध्ये सगळे घर एकाच वेळी बोलते, म्हणून तो सरावानंतर आणि मधल्या रांगेत बसून पाहावा. महोत्सवाचे नोंदणीपत्र असले तरी जागेची खात्री नसते, त्यामुळे रांगेत अर्धा तास आधी उभे राहावे, आणि ‘रिटर्न टू डस्ट’ला लागून दुसरा खेळ ठेवू नये.