बीआरटीचे चौदा महिने आणि ती वीतभर फट

आमच्याकडच्या बीआरटीचं, म्हणजे स्वतंत्र लेनमधून धावणाऱ्या जलद बससेवेचं, हे परीक्षण लिहायचं आठव्या महिन्यातच ठरलं होतं, आणि तेव्हा मी फक्त कौतुक लिहिणार होतो. आळस केला. मग गेल्या महिन्यात माझ्या डाव्या पायातला बूट फलाट आणि बस यांच्या मधल्या फटीत पडला. पुढचं सगळं त्या बुटाच्या रागातून आलंय, हे आधीच कबूल करतो.

वेगळी लेन, रस्त्याच्या मधोमध स्थानकं, तिकीट आधी आणि बस नंतर, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते परत सांगत नाही. माझा वापर असा: आठवड्याचे पाच दिवस, दोन्ही वेळा, एका बाजूचं अंतर साधारण १६ किलोमीटर, मधे २२ स्थानकं. दुचाकीवर हेच अंतर पाऊण तास ते सव्वा तास, ज्याचं त्याचं नशीब. बीआरटीने ४५ मिनिटं. पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे, पण ४५ म्हणजे ४५. हा नेमकेपणा मला वेगापेक्षाही आवडला. निघायची वेळ ठरवता येते, पोचल्यावर कुणाला कारणं द्यावी लागत नाहीत.

पैशाचंही सांगतो, कारण मी मुळात त्यासाठीच आलो. पूर्वी दुचाकीची टाकी आठवड्याला भरायचो. आता महिन्यातून एकदा, तीही गाडी उभी राहून बिघडू नये म्हणून तिला फिरवून आणावं लागतं तेवढ्यापुरती. उलट आता मधेच सुट्टी आली की पास फुकट गेल्याची हळहळ वाटते. बायको म्हणते, तू रविवारीही जाऊन बसून ये.

बाकी किरकोळ गोष्टी भराभर. वातानुकूलन बरं आहे, मागच्या सीटवर जरा जास्तच. स्थानकातल्या फलकावरची ‘३ मिनिटे’ ही मिनिटं कुठल्या ग्रहावरची आहेत ते कळलेलं नाही. लेनमध्ये दुचाक्या घुसतात, पहारेकरी असला की कमी, नसला की सर्रास. सकाळी उभं राहायला जागा मिळते, बसायला नाही. कार्ड टेकवायचं यंत्र दहातून एकदा रुसतं. यातलं काहीही सहन होतं.

सहन होत नाही ती फट.

बस स्थानकात आली की तिचं दार आणि फलाटाचा काठ यांच्यात अंतर उरतं. चांगल्या दिवशी चार बोटं, वाईट दिवशी वीतभर, आणि एकदा तर मी दीड वीत मोजली आहे. हो, मोजतो. पहिले दोन महिने मला ती दिसलीच नव्हती, माणूस चालता चालता टांग टाकून जातो. पण एकदा दिसली की दुसरं काही दिसेनासं होतं.

बुटाचं असं झालं. संध्याकाळची गर्दी, बस तिरकी लागलेली, मी मागच्या दाराने चढतोय. बूट बिनलेसचा. मागच्याने टाच दाबली, पाय पुढे गेला, बूट मागे राहिला आणि सरळ खाली गेला. दार बंद झालं. एका पायात मोजा घालून सतरा स्थानकं मी उभ्याने गेलो. लोक आधी पायाकडे बघत, मग चेहऱ्याकडे बघत, आणि मग खिडकीबाहेर.

दुसऱ्या दिवशी स्थानकातल्या कर्मचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘लेनमध्ये उतरायचं नाही साहेब, बस येतायत. रात्री शेवटची गाडी गेल्यावर बघू.’ रास्त बोलला. पण कुणी बघितलं नाही. मग रीतसर तक्रार केली, क्रमांक मिळाला. चौथ्या दिवशी संदेश आला: तक्रार निकाली काढण्यात आली आहे. बूट कुठाय म्हणून पुन्हा तक्रार केली. तीही दोन दिवसांत निकाली. उजवा बूट मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. एका बुटासाठी नवी जोडी घ्यायची माझी तयारी नव्हती, अजूनही नाही.

शेवटी अकराव्या रात्री मीच शेवटच्या बसपर्यंत थांबलो. झाडणाऱ्या मावशींनी विजेरी मारली. फलाटाचा काठ खालच्या भिंतीपेक्षा थोडा पुढे आलेला असतो, त्याखाली पोकळी राहते, आणि पडलेल्या वस्तू हवेने, धक्क्याने तिथे आत सरकतात. त्या पोकळीत माझा बूट होता. शिवाय तीन पेनं, एक किल्ल्यांचा जुडगा, लहान मुलाची एक सॅंडल, चष्म्याची एक काडी आणि कानात घालायच्या त्या बिनतारी गोळ्यांपैकी दोन, वेगवेगळ्या रंगांच्या. मावशी म्हणाल्या, ‘हे तर काहीच नाही.’ माझ्या बुटाच्या नाकावर टायरची नक्षी उठली होती. पॉलिश केलं. वापरतोय.

इथपर्यंत हा विनोद आहे. यापुढचं नाही.

मी आईला एकदा या मार्गाने नेलं. वय ७६, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. बस आली, दार उघडलं, ती काठाशी गेली आणि खाली बघून थांबली. मी हात पुढे केला. ती म्हणाली, ‘ही जाऊ दे, मागची बघू.’ मागची आली, तीही जाऊ दिली. तिसरीला मला म्हणाली, ‘तू जा, मी इथेच बसते.’ आम्ही रिक्षाने घरी आलो. रॅम्प आहे, कठडा आहे, आंधळ्या माणसाला पायाने कळेल अशी पिवळी उठावाची फरशी आहे, चाकाची खुर्ची फिरेल एवढी जागा आहे. सगळं काठापर्यंत आहे. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, ती या फटीत बरोबर अडकतील. चौदा महिन्यांत मी या मार्गावर चाकाची खुर्ची दोनदाच पाहिली, आणि दोन्ही वेळा चार जणांनी ती उचलून आत ठेवली.

माझं पहिलं मत सरळ होतं: ड्रायव्हर निष्काळजी. स्थानक मधोमध, दारं ड्रायव्हरच्याच बाजूला, म्हणजे काठ त्याला खिडकीतून दिसतो. इस्तंबूलची मेट्रोबस म्हणजे तिथली बीआरटी, तिची अडचण बघा. तुर्कस्तानात वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, बसची दारंही उजवीकडे आणि स्थानकं मात्र मधोमध, म्हणून त्यांनी २००७ पासून त्या मार्गावर बस उलट्या बाजूने, डावीकडूनच चालवल्या. आमच्या ड्रायव्हरला तर असलं काही करावं लागत नाही. मग काय त्रास आहे याला?

सहाव्या-सातव्या महिन्यात हे मत बदललं. शेवटच्या थांब्यावर बस उभी असताना एका ड्रायव्हरशी बोलणं झालं. मी जरा तिखटच विचारलं. तो शांतपणे म्हणाला, ‘काठाला टायरची कड घासली, पत्रा खरचटला, तर जाब मला. फट राहिली तर कुणाला जाब?’ मला उत्तर सुचलं नाही. हळूहळू सगळे ड्रायव्हर स्वतःपुरतं एक सुरक्षित अंतर ठरवून टाकतात, आणि ते अंतर आपल्या पायाखाली येतं.

दुसरी गोष्ट त्यानेच दाखवली. खिडकीतून त्याला पुढचं दार दिसतं, मागचं फक्त आरशात. आणि आमच्या मोठ्या स्थानकांवर पुढच्या बसला ओलांडून जायला जादा लेन आहे. ती हवीच. कोलंबियातल्या बोगोटाचा ट्रान्समिलेनिओ, म्हणजे तिथली बीआरटी, २००० साली सुरू झाला आणि बसने मेट्रोच्या तोडीची माणसं नेता येतात हे त्याने दाखवलं, त्यात या ओलांडायच्या लेनचा वाटा मोठा. पण आमच्याकडे मागची जागा भरलेली असली की नवी बस तिला वळसा घालून पुढच्या जागेत शिरते. शिरायला अंतर थोडं. तोंड काठाला लागतं, शेपूट बाहेर राहतं. माझा बूट शेपटाशीच पडला.

म्हणजे दोन बस लागोपाठ आल्या की फट वाढते. आणि फट वाढली की बस लागोपाठ येतात! हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मी दोन स्थानकं पुढे गेलो, उतरायचं विसरून. असं बघा. बस नीट लागली की लोक न थांबता आत जातात. घड्याळ लावून पाहिलं, बारा-तेरा सेकंदांत दार मिटतं. फट मोठी असली की प्रत्येक जण क्षणभर खाली बघतो, कुणी पिशवी सावरतो, कुणी मुलाला उचलतो. वीसच्या वर जातात. आठ सेकंद म्हणजे काहीच नाही, पण २२ स्थानकांवर तीन मिनिटं झाली. आणि ती नुसती तीन मिनिटं राहत नाहीत. उशिरा आलेल्या बससाठी स्थानकात जास्त माणसं जमलेली असतात, ती चढायला आणखी वेळ, म्हणून ती आणखी उशिरा. तिच्या मागचीला माणसंच उरत नाहीत, ती भरभर येऊन हिच्या पाठीला लागते. मग पंधरा मिनिटं एकही नाही आणि एकदम तीन. फलकावरची ती ‘३ मिनिटे’ खोटी ठरतात ती अशी. मी उगाच फलकाला शिव्या देत होतो. (थोड्या अजून देतो.)

तिकीट आधी का काढायचं, फलाट बसच्या जमिनीएवढा उंच का करायचा? दारातले सेकंद वाचावेत म्हणूनच ना? मग ते सेकंद शेवटच्या वीतभर जागेत सांडायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. एवढा रस्ता, एवढं काँक्रीट, आणि हिशेब इथे चुकतो.

उपाय नाहीत असं नाही. ब्राझीलच्या कुरितिबाने १९७४ मध्ये बसला स्वतःचे रस्ते दिले, त्यामागे तिथले तेव्हाचे महापौर आणि वास्तुरचनाकार जैमी लर्नर. पुढे १९९१ मध्ये तिथे काचेच्या नळीसारखी स्थानकं आली, आणि बसच्या दारातून एक फळी खाली येऊन फलाटावर टेकते. फटीचा प्रश्नच मिटला. जर्मनीतल्या कासेलमध्ये काठाचा दगडच आतून गोलाई देऊन बनवला. टायर त्यावर चढत नाही, बाजू घासत नाही, सरकत जागेवर येतो. आमच्या ड्रायव्हरची अर्धी भीती त्या एका दगडाने जाईल. फ्रान्समधल्या रुआंमध्ये बसवरचा कॅमेरा रस्त्यावरच्या रंगवलेल्या रेघा वाचतो आणि स्थानकाजवळ सुकाणू स्वतः सांभाळतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये १९८६ पासून बसला बाजूची छोटी चाकं आहेत, ती काँक्रीटच्या काठाला धरून पळतात. मला कॅमेरा नको, बाजूची चाकंही नकोत. फळीचंही मी आधी फार कौतुक करत होतो, पण हलणारा भाग म्हणजे बिघडणारा भाग, आणि आमच्या कार्डाच्या यंत्राची प्रकृती पाहता ती फळी अर्ध्यात अडकलेली मला डोळ्यांसमोर दिसते. गोलाईचा दगड पुरे. एकदा बसवला की त्याला वीज लागत नाही.

आता थोडं उलट बाजूने. बुटाचं ऐकून ऑफिसातले दोघे म्हणाले, ‘बघ, म्हणून म्हणतो, ती लेन काढून गाड्यांना द्यायला पाहिजे.’ अजिबात नाही. दिल्लीत हे झालंय. आंबेडकर नगर ते मूलचंद हा जवळपास ६ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला, गाडीवाल्यांनी पहिल्या दिवसापासून बोंब ठोकली, आणि २०१६ मध्ये तो उखडला. तिथे बसला लेन दिली होती, पण उंच फलाट, बंद स्थानक, आधी तिकीट हे काही नीट नव्हतं. अर्धवट केलं की उखडायला कारण मिळतं. आमच्याकडे एवढं सगळं करून वीतभर राहिलंय, म्हणून तर माझा जीव जळतो. राग आहे तो राहिलेल्या कामावर, लेनवर नाही. ४५ मिनिटं मला परत द्यायची नाहीत.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन तारे दिले होते. परवा पाहतो तर माझ्या बुटाच्या स्थानकावर काठाला काळी रबराची पट्टी लावलेली. साधारण चार बोटं पुढे आलेली, मऊ, बस घासली तरी वाकते, पत्र्याला काही होत नाही. ड्रायव्हर अगदी चिकटून लावत होते! दोन दिवस मी तिथे एकेक बस जादा सोडून नुसता पाहत उभा होतो. पट्टी फक्त पुढच्या दारासमोर आहे, मागच्या दारासमोर नाही, आणि इतर २१ स्थानकांवर अजून कुठेच नाही. माझ्या तक्रारीमुळे लावली की कुणाच्या पायामुळे, कल्पना नाही. तक्रार तर त्यांनी निकालीच काढली होती. तारे तीन केले. साडेतीन मागच्या दाराची पट्टी आली की.

तोवर जाणाऱ्यांसाठी. सरळ फलाट असेल तर पुढच्या दाराशी उभे राहा, तिथे ड्रायव्हरचा डोळा असतो. फलाट लेनच्या बाजूला फुगलेला असेल तर मधलं दार, कारण सरळ बस गोल काठाला मधेच टेकते, दोन्ही टोकं लांब राहतात. तीन बस एकदम दिसल्या तर वळसा घालून पुढे लागणारी सोडा, जिथल्या तिथे सरळ येऊन लागणारी घ्या. आईला मी पट्टीच्या स्थानकावरून न्यायचं म्हणतोय. चढायचं जमेल. पण ती उतरणार कुठे, तिथे पट्टी नाही, म्हणून अजून तिला विचारलेलं नाही. आणि बूट लेसचे घाला.